थंड काट्याचे दिवस

टेंपरेचरचा काटा खाली असला की आमच्या वेळी कुणाला काळजी वाटत नसे. उलट बरं वाटे. तापलेला ट्रक म्हणजे संकट आणि थंड ट्रक म्हणजे सुख, एवढा साधा हिशेब होता. मुलुंडच्या चेकनाक्यापासून कुर्ल्यापर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना गॅरेजं होती. जुनी माणसं त्या रस्त्याला आग्रा रोडच म्हणत. ज्यांच्या घरी एखादा ट्रक होता, किंवा ट्रकच्या एका चाकाइतकी तरी भागीदारी होती, त्या घरांतल्या आम्हा पोरांना हा हिशेब पाढ्यांच्या आधी पाठ झाला. घाट चढून-उतरून गाडी दारात आली की पहिला प्रश्न भाड्याचा नसे, ‘तापली नाही ना?’ हा असे. ड्रायव्हर म्हणे, ‘काटा जागचा हलला नाही.’ त्यावर सगळे निवांत. काटा का हलला नाही, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नसे.

आता हा प्रश्न गाडीच विचारते. २०२० पासून बीएस-६ या प्रदूषणमानकाच्या गाड्या आल्या. त्यांच्या पोटातला संगणक इंजिन सुरू झाल्यापासून पाण्याचं तापमान मोजत बसलेला असतो आणि ठरल्या वेळात ते ठरल्या अंशाला पोचलं नाही, तर पिवळा दिवा लावून मोकळा होतो. छोट्या गाड्यांत या दोषाचा कोड पी०१२८ या नावाने येतो. अर्थ इतकाच, की थर्मोस्टॅटने जितपत गरम ठेवायला हवं तितपत पाणी गरम झालेलं नाही. आमची गाडी तापते म्हणून गॅरेजला जायची, आताची तापत नाही म्हणून जाते. ही प्रगती आहे, आणि खरीखुरी प्रगती आहे, हे आधीच कबूल करून टाकलेलं बरं. पुढे हळहळायला मोकळीक राहते.

जुन्या ट्रकांचा काटा खाली का असे, याचं निम्मं उत्तर आम्हीच करून ठेवलेलं होतं. १९५४ साली टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. १९६९ला करार संपला, गाडीच्या तोंडावरचा तीन टोकांचा तारा गेला, तरी पुढे कित्येक वर्षं लोक ‘मर्सिडीज’च म्हणत राहिले. इकडे कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून डॉज आणि फार्गो बाहेर पडत. या इंजिनांच्या माथ्याशी, वरच्या होज पाइपच्या तोंडावर, मुठीत मावेल एवढा थर्मोस्टॅट बसवलेला असे. त्यात मेणाची कुपी, त्याहून जुन्यांत पितळेचा छोटा भाता. इंजिन थंड असेपर्यंत तो रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरतो. सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढेमागे, ज्याच्या त्याच्या छापाप्रमाणे, मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरमधून फिरू लागतं. इंजिनाने लवकर तापावं आणि बेताने तापलेलं राहावं, यासाठी केलेली ही सोय. आमच्या मिस्त्री लोकांना ती गोऱ्या साहेबाच्या स्वेटरसारखी वाटे. नवी गाडी आली, नारळ फुटला, लिंबू-मिरची टांगली, की पहिलं काम थर्मोस्टॅट काढून टाकायचं. ‘जर्मनी में बरफ गिरता है, मुलुंड में क्या गिरता है?’ हा त्यांचा सवाल, आणि त्याला आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं.

त्यांचं सगळंच चुकत होतं असंही नाही. रेडिएटरमध्ये जे पाणी जाई ते जिथे मिळेल तिथलं. विहिरीचं, ओढ्याचं, ढाब्याच्या हौदातलं, कधी म्हशी नुकत्याच उठून गेलेल्या डबक्यातलंही. त्या पाण्याचे क्षार नळ्यांत बसत आणि दोन-चार उन्हाळ्यांत निम्मा रेडिएटर बुजून जाई. मग तो उतरवून, वरखालच्या टाक्या झाळणीतून सोडवून, एकेका नळीत सळई घालून खरवडायचा. याला रॉडिंग म्हणत, आणि ते करणारा माणूस वेगळा असे. मे महिन्यात भरल्या गाडीने कसारा चढायचा, खंडाळा चढायचा, आणि एवढं करून परत मुंबईच्या दाराशी आलं की चेकनाक्यावर जकातीची रांग. इंजिन चालू, गाडी उभी, समोरून वारा नाही. अशा वेळी काटा वर चढताना पाहिला म्हणजे कुठलाही ड्रायव्हर मनाशी म्हणे, की अजून काही काढून टाकता आलं तर तेही काढू. गंमत अशी, की काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की आतली आडवाट कायमची उघडी राहते आणि थोडं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच शिरतं. म्हणजे सपाटीवर गाडी नको तितकी गार आणि चढावर नको तितकी गरम. मिस्त्रींचं त्यावर म्हणणं असे, ‘काढूनसुद्धा तापते, ठेवला असता तर काय झालं असतं!’

आता चेकनाक्यावर जकात नाही. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि ती रांग गेली. तिच्याबरोबर रांगेतल्या ड्रायव्हरांना पाणी, चहा आणि बातम्या पुरवणारं एक गावच उठलं. आता पाण्याऐवजी कॅनमधला हिरवा नाहीतर गुलाबी कूलंट असतो, त्याने गंज चढत नाही, क्षार बसत नाहीत. रेडिएटर ॲल्युमिनियमचे झाले, त्यांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, त्या फुटल्या की झाळायच्या नसतात, फेकायच्या असतात. पंखासुद्धा गरजेपुरता फिरतो. आमचा पट्ट्यावरचा पंखा पौषातल्या पहाटेही जीव खाऊन फिरत असे.

पौष म्हटलं की निफाड आठवतं. महाराष्ट्रात थंडी मोजायची तर लोक निफाडचा आकडा बघतात, आणि द्राक्षांचा हंगाम नेमका त्याच्या आगेमागे. रात्री पेट्या भरून निघालेली गाडी पहाटेच्या आत मुंबईच्या बाजारात पोचवायची. इगतपुरीच्या पुढे कसारा उतरताना गाडी गिअरमध्ये, पायाखाली रेस नाही, म्हणजे डिझेल जवळपास जळत नाही. पंखा मात्र इंजिनाच्या वेगाने गरगरतोय आणि थर्मोस्टॅट कुठल्यातरी गॅरेजच्या डब्यात पडलेला. काटा जो खाली जाई तो भिवंडीपर्यंत वर येत नसे. केबिनच्या मधोमध इंजिनावरचं झाकण असे, त्यावर चपात्यांचं फडकं ठेवायची पद्धत होती. एरवी त्या खाताना वाफाळत. पण अशा पहाटे फडकं सोडलं तर चपात्या घरून निघाल्या तेव्हापेक्षा गार. किन्नर, म्हणजे गाडीचा क्लीनर, काटा बघतच नसे. चपातीला हात लावून सांगे, ‘वस्ताद, इंजिन झोपलंय.’ त्यावर उपायही त्याच्याचकडे होता. द्राक्षांच्या पेटीचा पुठ्ठा फाडून रेडिएटरच्या जाळीपुढे सुतळीने बांधायचा, आणि कल्याण फाटा आला की आठवणीने सोडायचा. आठवण राहिली नाही, तर चेकनाक्यावर पाणी उकळलेलं दिसे आणि वस्तादचा हात किन्नरच्या पाठीवर.

हल्लीच्या ड्रायव्हरला यातलं काही करावं लागत नाही, आणि त्याच्या चपात्या डब्यातच असतात. २०२५ पासून तर नव्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. बाहेर निफाड असो की नागपूर, आत हवा तसा महिना लावता येतो. आमच्या ड्रायव्हरांच्या मांड्या इंजिनाच्या धगीने उन्हाळाभर पोळत. त्यांना हा एसी दाखवावा असं फार वाटतं. मग असंही वाटतं, की त्यांनी तो बंद करून काच खाली केली असती.

अर्थात, काटा खाली म्हणजे सुख हा हिशेब एक ना एक दिवस फिसकटेच. डिझेलचा खर्च वाढे, ॲव्हरेज पडे, सकाळी गाडी बराच वेळ पांढरा धूर ओकत राही आणि त्या धुराला कच्च्या डिझेलचा वास येई. मग मालक गाडी घेऊन गॅरेजला, आणि तिथे जे काही होई ते बघायला आम्ही पोरं हजर.

पहिला प्रश्न असा, की इंजिन खरंच थंड आहे की काटा खोटं बोलतोय? याचं उत्तर मिळेपर्यंत मिस्त्री पान्याला हात लावत नसत. आधी पाणी बघत, कारण सगळ्यात वाईट शक्यता तीच. पाणी इतकं कमी झालं, की टेंपरेचर मोजणारा बल्ब पाण्यात न राहता कोरडा पडला, तर काटा गारच दाखवतो आणि खाली हेड भाजत असतं. थंड काट्यावर विसंबून इंजिन जाम करून, टोचन लावून आणलेल्या गाड्या आम्ही पाहिल्यात. पाणी बरोबर निघालं, तर पुढचं काम हाताचं. गाडी थंड असताना सुरू करायची आणि वरच्या होज पाइपवर तळहात ठेवून उभं राहायचं. थर्मोस्टॅट शाबूत असेल, तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम चटका देतो. तो नसेल किंवा उघडा अडकला असेल, तर पाइप पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जातो आणि कोमटच राहतो. आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीचा हात इतका तयार होता, की तो पाइप धरून आकडा सांगे. खरा की खोटा कोण जाणे, कारण ताडून बघायला गॅरेजमध्ये थर्मामीटरच नव्हता. ताप बघायचा थर्मामीटर बेचाळीस अंशांपुढे टिकत नाही, हे कुणीतरी तो उकळत्या पाण्यात फोडूनच शिकलं होतं.

हात गरम आणि काटा गार, असं निघालं की मिस्त्री बाजूला होत आणि वायरमन पुढे येई. बल्बची वायर सोडवून तो ती क्षणभर गाडीच्या लोखंडाला टेकवी आणि आत बसलेल्याला ओरडून विचारे, ‘उठला?’ काटा खाडकन वर गेला, तर मीटर आणि वायर ठीक, बल्ब गेलेला. हललाच नाही, तर वायर तुटलेली किंवा मीटर मेलेला. पाणी गळू नये म्हणून कुणी बल्बच्या आट्यांना भरपूर टेप गुंडाळली असेल, तर अर्थिंग मिळत नाही आणि काटा कमी दाखवतो. असली करामत सापडली की वायरमनला कोण आनंद. डिझेलचा काटाही टेंपरेचरच्या जोडीने बसला असेल, तर दोष डॅशबोर्डच्या मागे, दोघांना मिळून करंट देणाऱ्या डबीत. आणि फार जुन्या गाड्यांत वायरच नसे. मीटरपासून इंजिनापर्यंत एक बारीक तांब्याची नळी, तिच्यात ईथर. ती नळी एकदा मोडली, की ईथर उडालं आणि काटा कायमचा तळाला. त्यावर इलाज नव्हता. अशा मेलेल्या मीटरच्या गाड्या वर्षानुवर्षं चालत, आणि त्यांचे मालक सगळ्यांत सुखी.

पण खरा समारंभ थर्मोस्टॅट उकळण्याचा. ज्यांनी तो काढून टाकला नव्हता, अशा मोजक्या गाड्यांच्याच नशिबी तो असे. कोपऱ्यातल्या चहावाल्याकडे माणूस जाई. चहावाला आधी नाही म्हणे, कारण गंजलेलं लोखंड दुधाच्या पातेल्यात घालायला तो राजी नसे. मग पोचे पडलेलं एक जुनं पातेलं काढून देई. ते खास याच कामाचं आहे, हे सगळ्यांना ठाऊक असे, पण दरवेळी नाही म्हणणं हा रिवाज. पातेल्यात पाणी, त्यात सुतळीला लोंबकळलेला थर्मोस्टॅट, तळाला टेकू द्यायचा नाही, आणि खाली स्टोव्ह. सगळं काम थांबे. पाट्यांवाला, बॅटरीवाला, पंप-नोझलवाला, ज्यांचा या गाडीशी संबंध नाही तेही गोळा होत. बुडबुडे यायच्या आत झडप उघडली की खूण पटली. पाणी खळखळलं तरी उघडली नाही, तर बाद. आणि थंड पाण्यात घालतानाच उघडी दिसली, तर मघाच्या कोमट पाइपचा उलगडा झाला. झडप जेव्हा उघडे, तेव्हा ती एकदम नाही, नखाएवढी फट पडे, मग हळूच बोटाच्या जाडीपर्यंत वर येई आणि तिच्यातून एक बुडबुडा सुटे. त्या बुडबुड्यासाठी आम्ही शाळेची दुसरी घंटा सोडलेली आहे. यानंतर चहा येई, तो मालकाच्या खात्यावर, आणि चहा पिता पिता बहुधा असं ठरे, की आता काढलाच आहे तर कशाला परत बसवा.

आता ते पातेलं नाही, आणि ते ज्या टपरीत होतं ती टपरीही नाही. त्या रस्त्यावर मॉल आले, उंच इमारती आल्या. गॅरेजं मागे साकीनाक्याच्या गल्ल्यांत, भिवंडीकडे, जिथे जागा मिळाली तिथे सरकली. आजचा पोरगा बॉनेट उघडण्याआधी स्टिअरिंगखाली स्कॅनरची पिन खोचतो. पडद्यावर पाण्याचं तापमान अंशात येतं, त्याचा आलेख येतो. शंका आली तर हातात लाल ठिपक्याचं पिस्तूल असतं, ते थर्मोस्टॅटच्या घरावर रोखलं की आकडा हजर. चटका नाही, आरडाओरडा नाही, आत बसून ‘उठला!’ म्हणायला माणूस नाही. थर्मोस्टॅट ऑनलाइन मागवला की डब्यावर अंश छापलेले असतात, बसवायला तासही लागत नाही. गर्दी जमायला वेळच मिळत नाही, आणि जमली तरी बघायचं काय?

मात्र नव्या काट्याबद्दल एक तक्रार नोंदवून ठेवतो. बऱ्याच नव्या गाड्यांत इंजिन नेहमीच्या तापमानाच्या अल्याडपल्याड वीसपंचवीस अंश फिरलं, तरी काटा मधोमध उभा राहील अशी तजवीज केलेली असते. गिऱ्हाईक उगाच घाबरू नये म्हणून. म्हणजे आमचा काटा बिघडला की खोटं बोलायचा, हा चांगला असतानाच गोड बोलतो. आम्ही मीटरवर विश्वास ठेवत नव्हतो म्हणून हात लावून बघत होतो. आता विश्वास ठेवण्याजोगा आकडा आत कुठेतरी आहे, पण तो ड्रायव्हरला दाखवायचा नाही, फक्त स्कॅनरवाल्याला.

हे सगळं लिहिताना त्या थंड इंजिनांचं काय होत होतं तेही सांगायला हवं, नाहीतर हा पातेल्यापुरता खोटेपणा होईल. त्या वेळच्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चाले. बीएस-६च्या डिझेलमध्ये ते दहा लाखांत १० भाग, म्हणजे जवळपास नाहीच. गार इंजिनात त्या गंधकाचं आम्ल होऊन सिलिंडरच्या भिंतींवर बसे आणि त्यांना खाई. कच्चं डिझेल रिंगांवरून खाली उतरून ऑइल पातळ करी. म्हणून आमची इंजिनं सारखी बांधायला काढलेली असत: बोअर, पिस्टन, रिंगा, आणि पुन्हा दोन वर्षांनी तेच. त्या बांधणीवर अख्खा आग्रा रोड पोट भरत होता, हे खरं. पण ते पोट कुणाच्या तरी हप्त्यांतून भरत होतं, हेही खरं. आणि होज पाइपवर हात ठेवायला ज्यांना पाठवत, ती पोरं आमच्याच वयाची होती. आम्ही बघून शाळेत जायचो, ती तिथेच झोपायची. उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडताना भाजलेल्या हातांची कातडी पुढे वेगळ्याच रंगाची येते. असे हात त्या रस्त्यावर पुष्कळ होते. त्यांच्यापैकी कुणाला पातेल्याची आठवण काढून गहिवर येत असेल, असं वाटत नाही.

तरी येतो आम्हाला, त्याला काय करणार. आमच्या पाहण्यातली टेल्कोची एक जुनी ४०७ अजून बोरिवलीत मालाच्या फेऱ्या मारते. ४०७ हे मॉडेल १९८६चं, ही गाडी त्यानंतरच्या कुठल्यातरी पिढीची, पण थर्मोस्टॅट तिचाही रीतीप्रमाणे काढलेला. डिझेलच्या खर्चाला मालक कंटाळला, तेव्हा स्कॅनरवाल्या पोराने, जुन्या गाडीत पिन खोचायला जागा नाही म्हणून नाइलाजाने, होज पाइपवर हात ठेवला आणि नवा थर्मोस्टॅट घालून दिला. आता काटा चढतो आणि अर्ध्यावर थांबतो, म्हणजे जिथे थांबायला हवा तिथेच. जन्मभर तळाला पडलेला काटा पाहिलेल्या ड्रायव्हरमामांना मात्र ते बघवेना. दहिसरपर्यंत गेले आणि गाडी बाजूला घेऊन फोन केला, ‘शेठ, गाडी तापलीय.’ पोरगा म्हणाला, ‘मामा, आत्ताच तर बरी झालीय.’ मामा अजूनही घोडबंदरची चढण लागायच्या आत एकदा खाली उतरतात, पाण्याची बाटली घेऊन इंजिनाशी उभे राहतात आणि ती तशीच परत ठेवतात. ॲव्हरेज वाढलंय. पोरगा म्हणतो थर्मोस्टॅटमुळे, मालक म्हणतो पंप कॅलिब्रेट केला म्हणून, आणि मामांचं म्हणणं, की गाडी तापते म्हटल्यावर आपण ती जपून चालवतो, त्याचा हा परिणाम.